चोचीत काडी

दुपारची वेळ. घर सुस्तावलेलं. वाचता वाचता पुस्तक छातीवर पालथं पडलं होतं, तेवढ्यात खिडकीशी काहीतरी भिरभिरलं. डोळे किलकिले करून बघतो तर शिंजिराची मादी. नर असता तर कुणाचीही मान वळली असती, उन्हात निळा-जांभळा झळाळतो लेकाचा. ही बापडी वरून मळकट, खालून फिकट पिवळी. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात कोळ्याचं एक जुनं जाळं आहे. ‘ते कधी काढणार?’ हा प्रश्न घरात अधूनमधून विचारला जातो आणि मी अधूनमधून ‘हो’ म्हणतो. त्या जाळ्यासमोर ती हवेतच थबकली, वाकड्या चोचीत एक टोक धरलं आणि मागे सरकली. जाळं ताणलं गेलं, आणखी ताणलं गेलं, मग एकदम सुटून तिच्या चोचीला, कपाळाला, डोळ्याच्या कडेला चिकटलं. गजावर बसून तिनं चोच इकडून तिकडून घासली. मला वाटलं, पुसून टाकतेय. कसलं काय! सगळं नीट गुंडाळून एका बाजूला घेतलं होतं. पांढरी मिशी फुटल्यासारखी क्षणभर बसली आणि भुर्रकन गेली.

कुठं गेली ते मी बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही. ते का, ते पुढे येईलच.

पंचांग म्हणतं, चैत्र-वैशाख म्हणजे वसंत. झाडांना हे कुणी कळवलेलं नसतं. थंडी अजून काढता पाय घेत असते तोवर काटेसावर लाल होऊन मोकळी होते. पांगाऱ्याच्या अंगावर एक पान नसतं आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे तुरे. मग पळस. त्या फुलांवर साळुंक्या, बुलबुल, कोतवाल अशी सगळी मंडळी तुटून पडतात आणि परागांनी कपाळं माखून एकमेकांवर खेकसतात. हे बघून ‘आला वसंत’ म्हणणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. कोकीळ ऐकून म्हणणारेही आहेत. त्यांच्याशी मात्र थोडं आहे. उजाडायला अवकाश असताना उशाशी चढत्या सुरात जो गळा सुटतो, तेव्हा मनात जे शब्द येतात ते वसंताच्या कवितेत बसणारे नसतात.

माझी खूण एकच. चोचीत काडी. काडी म्हणजे काडीच असं नाही. पीस, दोरा, कापूस, मुळाचा तंतू, गवताचं पातं, काहीही. कालपर्यंत ज्याच्या चोचीत फक्त खाणं दिसत होतं, त्याच्या चोचीत न खायची वस्तू दिसली की ऋतू बदलला. झालं.

ही खूण माझी म्हणालो खरा, पण आधीच कुणीतरी ती नोंदवून गेलंय. रॉबर्ट मार्शम नावाचे एक जमीनदार इंग्लंडात नॉरफोकमध्ये राहत. १७३६ पासून त्यांनी वसंताच्या खुणा लिहून ठेवायला सुरुवात केली. पहिलं हिमपुष्प कधी उमललं, ओकला पालवी कधी फुटली, बेडूक कधी ओरडले, पाकोळ्या कधी परतल्या. त्यातच एक नोंद रूक पक्ष्याची, म्हणजे आपल्या कावळ्याच्या चुलतभावाची: यंदा घरटं बांधायला कधी लागला. म्हणजे हे गृहस्थ दरवर्षी मान वर करून कावळ्याच्या चोचीकडे बघत होते! १७८९ मध्ये रॉयल सोसायटीनं त्या नोंदी छापल्या, आणि ते गेल्यावर घरातल्या पुढच्या पिढ्यांनी १९५८ पर्यंत त्या चालू ठेवल्या. ऋतू पुढे-मागे सरकतोय का हे तपासणाऱ्यांना आज त्या वह्या फार उपयोगी पडतात. एका घराण्याला हे वेड दोनशे वर्षांहून जास्त पुरलं, याचंच मला जास्त कौतुक वाटतं. आमच्याकडे दुधाचा हिशेब एका वहीत एक महिना टिकत नाही.

तर माझा नियम असा. पक्षी काडी उचलतो तिथं फोटो काढायचा, काडी नेतो तिथं जायचं नाही. पाखरू उडालं की लेन्स खाली. नजरेनंसुद्धा पाठलाग नाही. ओळखीतले फोटोग्राफर याला माझा विक्षिप्तपणा म्हणतात. म्हणोत.

घरट्याच्या फोटोची ओढ मला कळत नाही असं नाही. पक्षी एरवी कसा, पानाआड, पाठमोरा, फोकस पुढच्या फांदीवर. घरट्यावर मात्र तो परत येणारच. त्याच जागी, त्याच फांदीवरून, दर थोड्या वेळानं. ट्रायपॉड लावून बसलं की झालं. चार पिवळ्या वासलेल्या चोची आणि वर अळी घेतलेली आई, या फोटोला कुणी नावं ठेवत नाही. पण तो फोटो इतका स्वच्छ कसा आला, हे एकदा नीट बघा. मधली पानं कुठं गेली? बऱ्याचदा ती बाजूला बांधलेली असतात, नाहीतर सरळ कापलेली. त्या पानांची पिल्लांवर सावली असते. ती गेली की भर उन्हात पिल्लं तापतात, आणि जे कॅमेऱ्याला दिसतं ते भारद्वाजालाही दिसतं. भारद्वाजाला फोटो नको असतो.

त्यातही गंमत अशी की पिल्लं झाल्यावर आईबाप सहसा घरटं सोडत नाहीत, जीव अडकलेला असतो. ऐन बांधकामात किंवा अंडी नुकती घातलेली असताना मात्र ते फार बिचकतात. कुणी फार घुटमळलं तर सगळं टाकून निघून जातात. म्हणजे ज्या काडीनं मी हरखतो, तिच्यामागे गेलो तर नेमका वाईट वेळी पोचेन. कायद्यालाही हे कळतं. आपल्याकडच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानपक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना त्रास देणं शिकारीतच मोजलंय. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्यानं काही दुर्मीळ पक्ष्यांचे घरट्याशी फोटो काढायचे तर आधी परवाना घ्यावा लागतो.

आणि तरी या सगळ्या छंदाची सुरुवातच मुळी घरट्यापासून झाली. रिचर्ड आणि चेरी केअर्टन या इंग्रज भावांनी १८९२ मध्ये अंड्यांसकट एका घरट्याचा फोटो काढला, आणि १८९५ मध्ये पक्ष्यांच्या घरट्यांवरचं पुस्तक काढलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्यक्ष निसर्गात घेतलेल्या फोटोंचं. तेव्हा लांबून फोटो घेणारी लेन्स कुठली! जवळ जावं लागे, म्हणून ते लपत. बैलाचं कातडं आणून त्यांनी एक पोकळ बैल तयार केला आणि त्याच्या पोटात कॅमेऱ्यासकट शिरून बसले. कुरणात तो बैल तासन्‌तास एकाच जागी उभा. खऱ्या गुरांना काय वाटलं असेल, हे कुणी लिहून ठेवलेलं दिसत नाही. पुढे एरिक हॉस्किंग, हेही पक्ष्यांचे इंग्रज फोटोग्राफर. १९३७ मध्ये वेल्समध्ये रात्री घुबडाच्या घरट्याजवळच्या लपणाकडे निघाले असताना त्या घुबडानं झडप घातली आणि त्यांचा डावा डोळा गेला. तो काढून टाकावा लागला. बरे होऊन ते पुन्हा घुबडांचेच फोटो काढत राहिले, आणि घुबडाला त्यांनी कधी दोष दिला नाही. मोठा माणूस.

आमच्या लहानपणी घरट्याचा आणि फोटोचा संबंध वेगळाच होता. घरटं फोटोमागे असायचं. आजोबांचा मोठा फ्रेम केलेला फोटो भिंतीला लागून थोडा पुढे झुकलेला, दोरीवर टांगलेला. मागच्या फटीत चिमणी. दरवर्षी. उन्हाचा चटका लागायला लागला की जमिनीवर पहिल्यांदा गवताच्या काड्या दिसायच्या, मग झाडूची हिरं, मग कुणाच्या तरी फाटक्या उशीतला कापूस. काड्यांच्या ओझ्यानं फोटो हळूहळू एका बाजूला कलायचा आणि आजोबा तिरके होऊन आमच्याकडे बघत राहायचे. तो सरळ करायची कुणालाही मुभा नव्हती. त्याहून वाईट म्हणजे छताचा पंखा. चिमण्यांची ये-जा नेमकी त्याच्या पात्यांखालून. मग आजीचा हुकूम सुटायचा: पिल्लं उडेपर्यंत पंखा बंद. आम्ही घामाघूम होऊन कुरकुरायला लागलो की म्हणायची, “अरे, बाळंतीण आहे ती घरात. तुम्हाला वारा कसला हवा?” बाबा एकदा म्हणाले, निदान एकवर तरी लावू. आजीनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. भर उन्हाळ्यात आम्ही सगळे पुठ्ठ्यानं वारा घेत बसलोय आणि फोटोमागून चिवचिवाट, हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्या घरट्याचा एकही फोटो कुणी काढलेला नाही. सुचलंच नाही कुणाला. आजीचाही तसा धड फोटो नाहीच.

असो. काडीकडे येऊ.

काडी निवडण्यात कावळ्याचा हात कुणी धरत नाही. खाली पडलेल्या काड्या त्याला सहसा चालत नाहीत, झाडावरची तोडून हवी. एक धरतो, वाकवतो, पीळ देतो, सोडतो. दुसरी. ती सुटून हातात, म्हणजे चोचीत येते, तर तिचं मध्य सापडत नाही. एका बाजूला लटकते. मग फांदीवर पायाखाली दाबून पुन्हा धरतो, आणि नेमक्या त्या घडीला वैतागून टाकून देतो. शहरातला असेल तर तारही चालते त्याला, हँगरसकट. आणि मी त्याचा फोटो काढत असताना बहुतेक आणखी कुणाची तरी त्याच्यावर नजर असते. पानाआड बसलेली ठिपक्याठिपक्यांची कोकिळा. कावळ्याचं घरटं कधी तयार होतं यात तिला माझ्यापेक्षा जास्त रस. अंडं तिथंच घालायचंय. उशाशी गळा काढणारा तो काळा नर तिचाच. बारकाईनं बघायला गेलं तर वसंताचं सगळं संगीत कावळ्याच्या कष्टांवर उभं आहे, पण कवितेत कावळा येत नाही.

शिंपी पक्ष्याच्या मादीचं काम आणखी बारीक. चोचीनं पानाच्या कडेला भोक पाडायचं आणि त्यातून कोळ्याच्या जाळ्याचा किंवा कापसाचा धागा ओढून घ्यायचा. गाठ नाही. धाग्याचं टोक बाहेर आलं की पिंजून फुगतं आणि भोकात अडकून बसतं, तोच टाका. हे मी वाचलेलं आणि गळून पडलेल्या रिकाम्या घरट्यात भिंगाखाली बघितलेलं. चालू कामाचा फोटो माझ्याकडे नाही. माझ्याकडे आहे तो सावरीचं बोंड उकलल्यावरचा: बोटाएवढा पक्षी आणि तोंडात स्वतःच्या डोक्याहून मोठा कापसाचा बोळा, त्यामुळे त्याला पुढचं काही दिसत नसावं. दोनदा फांदीला धडकला. फोटो हललाय, तरी मला आवडतो.

तांबट माझ्या नियमात बसत नाही. तो काही आणतच नाही, वाळक्या फांदीत गोल भोक पाडतो आणि आतला भुसा चोचीनं बाहेर टाकतो. टिटवी तर उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालून मोकळी. आणि सुगरण वसंताची वाटच बघत नाही, तिचं पावसाळ्यात. गवताच्या पात्याच्या कडेला चीर देऊन नर ते धरून उडतो आणि लांबलचक फीत सोलून निघते. पक्षीतज्ज्ञ सालीम अलींनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींवर पाळत ठेवली तेव्हा त्यांना दिसलं, की नर घरटं अर्धंच बांधतो. मादी येऊन बघते, पसंत पडलं तर राहते, मग तो ते पुरं करतो आणि लगेच दुसरं बांधायला घेतो. तेव्हा माझी खूण सगळ्यांना लागू पडत नाही हे उघड आहे. पडायलाच हवी असं थोडंच आहे!

माझ्या हार्ड डिस्कवर आता या सगळ्या चोची आहेत. घरटं एकही नाही. परवा एका ओळखीच्या फोटोग्राफरनं ते सगळं चाळून विचारलं, “मग घरटं कुठंय या शिंजिराचं?” म्हटलं, माहीत नाही. “लोकेशन सांगायचं नसेल तर तसं सांग.” खरंच माहीत नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. हल्ली फोन केला तर जरा तुटक बोलतात.

इकडे दारातल्या काथ्याच्या पायपुसण्याला एका कोपऱ्यात टक्कल पडलंय. घरातल्यांचा संशय उंदरावर आहे. माझ्याकडे बुलबुलाचा फोटो आहे, तोंडात काथ्याचा झुपका घेतलेला, शेंडी ताठ. मी तो अजून दाखवलेला नाही. नवं पायपुसणं आणायचं ठरतंय. रबराचं नको, काथ्याचंच आणा, एवढंच म्हणालो.