एक्स्चेंजपासून पडवीपर्यंत

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या घरी वडिलांनी पहिल्यांदा ब्रॉडबँड घेतले, तेव्हा प्लॅन २५६ केबीपीएसचा होता आणि तो वेग आम्हाला पुरेपूर मिळत असे. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी किमान वेगच तेवढा ठरवला होता. पुढे प्लॅन ८ एमबीपीएसचा झाला, पण वेग साडेतीनच्या वर कधी गेला नाही. बाजारपेठेत, टेलिफोन एक्स्चेंजला लागूनच दुकान असलेल्या माझ्या आतेभावाला मात्र त्याच प्लॅनवर पूर्ण ८ मिळत होते. मोडेम बदलून पाहिला, तरी आकडा हलला नाही.

उलगडा झाला तो लाइन तपासायला आलेल्या लाइनमनच्या एका वाक्याने. तो वडिलांना म्हणाला, "काका, घर तुमचं दोन किलोमीटरवर असलं तरी वायर सरळ येत नाही. बाजारातून पिलरच्या पेटीला जाते, तिथून रस्त्याच्या कडेने वाडीला वळसा घालून तुमच्याकडे येते. चारच्या जवळपास भरेल." मोडेमच्या पानावर लाइन अॅटेन्युएशन, म्हणजे तारेत होणारी सिग्नलची घट, ५२ डेसिबल दिसत होते. तांब्याच्या टेलिफोन तारेत या मापाने किलोमीटरमागे साधारण १३ ते १४ डेसिबल जातात, असा हिशेब मांडला तर लाइनमनचा अंदाज जवळजवळ तंतोतंत बरोबर निघतो. नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजणारे फसतात ते इथेच, कारण मोजायची असते ती तार.

दर १० डेसिबलला सिग्नलची शक्ती दहापटीने घटते, म्हणजे ५० डेसिबल गेले की निघालेल्या शक्तीचा एक लक्षांश भाग घरी पोहोचतो. शिवाय ही घट सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखी नसते. टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड आणणारे एडीएसएल टू प्लस हे तंत्र सुमारे २.२ मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा ५१२ लहान वाहिन्यांमध्ये वाटून घेते, आणि मोडेम सुरू होताना प्रत्येक वाहिनी चाचपून तिच्यावर किती बिट लादता येतील ते ठरवतो. तार जितकी लांब, तितक्या वरच्या वाहिन्या आधी मरतात. एक्स्चेंजजवळच्या घरात जवळजवळ सगळ्याच वाहिन्या बोलत असतात, म्हणून तिथे २४ एमबीपीएसच्या आसपास जाता येते. आमच्यासारख्या घरी खालच्या वाहिन्यांवरच सगळा भार पडतो. २५६ केबीपीएसच्या दिवसांत हे अंतर कधी जाणवले नाही, कारण एवढ्या वेगाला मूठभर वाहिन्याही पुरत. जसजसा प्लॅनचा आकडा मोठा होत गेला, तसतसे तारेचे अंतर उघडे पडत गेले. माझ्या मते गावाकडच्या ग्राहकाला प्लॅन विकताना ही गोष्ट आधी सांगायलाच हवी, कारण तो मोठ्या प्लॅनचे पैसे भरतो आणि त्याच्या तारेला तो पेलत नाही.

त्याच लाइनमनने वाडीच्या तोंडावरचा डीपी बॉक्स, म्हणजे घराघरांकडे तारा फुटतात ती पेटी, उघडून दाखवला. आतल्या जोडांवर हिरवा गंज चढला होता आणि एका जोडाची टेप पावसाने सैल होऊन आत ओल शिरली होती. त्याने जोड कापले, तार खरवडून चकचकीत केली आणि नवे जोड मारले. अॅटेन्युएशन फारसे बदलले नाही, कारण लांबी तीच होती, परंतु तारेतला गोंगाट, म्हणजे सिग्नलमध्ये मिसळणारा विजेचा अडथळा, कमी झाल्यामुळे वेग चारच्या थोडा वर गेला आणि रात्री सारखी लाइन तुटायची ती थांबली. अंतर कुणाच्या हातात नसते. जोड मात्र असतात, आणि कोकणच्या पावसाळ्यात त्यांच्याकडे लक्ष देणारा माणूस लाभणे ही मोठी गोष्ट आहे.

आता घरी फायबर आहे. काचेच्या तंतूत प्रकाश किलोमीटरमागे अर्धा डेसिबलही गमावत नाही, त्यामुळे चार किलोमीटर आणि चौदा किलोमीटर यांत ग्राहकाला फरक कळत नाही. एकच फायबर अनेक घरांत वाटून देणारी प्रचलित जीपॉन पद्धत २० किलोमीटरपर्यंत चालते. इथे खरी घट होते ती प्रकाश वाटून देणाऱ्या स्प्लिटरमध्ये. ३२ घरांना वाटणारा स्प्लिटर एकटाच सुमारे १७ डेसिबल खातो, आणि सुमारे २.५ जीबीपीएसची डाउनलोडची क्षमता त्या ३२ घरांत विभागली जाते. संध्याकाळी वेग मंदावला तर कारण अंतरात शोधण्यापेक्षा या वाटपात शोधावे. फायबरला दुखापत होते ती मुडपल्याने. मागच्या मे महिन्यात मी ती केबल खिडकीच्या चौकटीत दाबून बसवली आणि उणे २० डीबीएमवर (हे सिग्नलच्या शक्तीचे माप) असलेला सिग्नल उणे २६ वर घसरला. उणे २७ च्या पुढे उपकरणाला तो नीट वाचता येत नाही. चौकटीतून सोडवून सैल वळण दिल्यावर आकडा पूर्ववत झाला.

उरले ते घरातले अंतर. आमच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, जाड आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या आहेत. राउटर माजघरात, तर वडील दिवसभर पडवीत बसतात. मध्ये दोन भिंती. माजघरात १०० एमबीपीएस मिळत असताना पडवीत ५ गिगाहर्ट्झचा वायफाय दिसेनासा होई आणि २.४ वर जेमतेम ८ मिळत, म्हणजे चार किलोमीटर तारेने जे केले तेच दोन चिऱ्यांच्या भिंतींनी केले. वायफायचे एक्स्टेंडर लावण्यापेक्षा मी माळ्यावरून २२ मीटर कॅट सिक्स ही नेटवर्कची केबल ओढली, जी १०० मीटरपर्यंत बिनदिक्कत चालते, आणि पडवीच्या खांबाला दुसरा अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारे उपकरण, बसवला. आता तिथे ९४ एमबीपीएस मिळतात, आणि वडील झोपाळ्यावर बसून पुण्याच्या नातीशी व्हिडिओवर बोलतात.