फादर बदलतात, मेस्त राहतो

श्रीरामपूरला माहेरी गेले की कुणी ना कुणी विचारतंच, "गोव्यातली चर्च एवढी जुनी, मग तिथले फादर तरुण पोरांना कसे धरून ठेवतात? आणि पोरांचं ऐकलं तर म्हातारे रुसत नाहीत?" मी वास्कोत राहते, चर्चच्या कॉयरमध्ये गाते, मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग घेते, म्हणून हा प्रश्न माझ्या वाट्याला येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

म्हातारे रुसतात, आणि ते रुसल्याचं सगळ्या वाड्याला कळतं. पोरंही रुसतात, पण भांडत नाहीत, यायचीच बंद होतात. फादरच्या कानावर पहिल्यांची तक्रार जाते, दुसऱ्यांची जातच नाही.

त्यात आणखी एक गोम आहे. विगार, म्हणजे धर्मग्रामाचे (एका चर्चच्या हद्दीचे) मुख्य फादर, काही वर्षांनी बदलून जातात. मेस्त मात्र जन्मभर तिथेच. मेस्त म्हणजे कॉयर बसवणारा, व्हायोलिन वाजवणारा, कोणत्या सणाला कोणतं गीत हे तोंडपाठ असणारा माणूस. नवा विगार काय करतो यापेक्षा तो मेस्तशी कसा वागतो, यावर पुढची वर्षं ठरतात.

एक उदाहरण सांगते, गावाचं नाव नको. गोव्यात उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत, मोतेत गातात: लॅटिन शब्द, दोन-तीन आवाजांची रचना, साथीला व्हायोलिन आणि क्लॅरिनेट. यातले कितीतरी गोव्याच्याच संगीतकारांनी बांधलेले. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन नि व्हायोलिन शिकवत, ही मंडळी त्यातूनच तयार झाली. त्या गावात एक उत्साही विगार आले आणि त्यांनी एका वर्षात मोतेत बंद करून गिटारचा ग्रुप उभा केला. मेस्त गप्प बसले. मिरवणुकीत जुनी माणसं मागे मागे चालली, एकाचंही तोंड उघडेना. पुढे फादरांची बदली झाली आणि महिन्याभरात गिटारही थांबलं, कारण तो ग्रुप फादरांचा होता, गावाचा नव्हता.

त्यांच्या जागी आलेल्या विगारांनी मोतेत परत सुरू करा असा हुकूम काढला नाही. मेस्तांच्या वह्या शाईच्या, कडा कसरीनं खाल्लेल्या. नव्या विगारांनी पोरांना सांगितलं, मोबाइलवर फोटो घ्या आणि एकेक सूर कॉम्प्युटरवर उतरवा. पोरं अडली की मेस्तांकडे जाणार, दुसरा इलाजच नव्हता. उलट बाजूनं त्यांनी मेस्तांना पोरांच्या कोंकणी गीतांमध्ये दुसरा आवाज बसवून द्यायला लावलं. मेस्त आधी कुरकुरले, मग चुका काढायला लागले, आणि चुका काढायला लागले की मेस्त आपले झाले असं समजायचं! त्या गावातली एक गिटारवाली मुलगी आता वास्कोत असते, आमच्या कॉयरमध्ये माझ्या शेजारी उभी राहते. माझा सूर उतरला की कोपरानं ढोसते.

असं करायला वेळ लागतो, म्हणून सोपी वाट धरली जाते: सकाळी सातला म्हाताऱ्यांची कोंकणी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), संध्याकाळी तरुणांची इंग्रजी. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चनं २००४ सालच्या अहवालात जुन्या धर्मग्रामांच्या जोडीनं नव्या धर्तीच्या मंडळ्या काढण्याचा विचार मांडला आणि तेव्हाचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी तो उचलून धरला. तिथे ते चालत असेल. गोव्याच्या गावात फेस्त (चर्चचा सण) एक, सिमेंत्र (दफनभूमी) एक. वेळा वेगळ्या केल्या की सातचे आणि संध्याकाळचे मयतालाच भेटतात. मला ही वाटणी पटत नाही, आणि आमच्या फादरांना ते मी सांगितलंय.

नवं आणायचं म्हणजे परकं आणायचं, हेही गोव्यात फारसं खरं नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा धर्मगुरू, १५७९ मध्ये इथे आला आणि १६१६ मध्ये राशोलला त्यानं मराठी ओवीत ख्रिस्तपुराण छापलं. नव्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या जुन्या पुराणांच्या जागी काहीतरी मागितलं, असं त्या ग्रंथातच येतं. मिशनऱ्याच्या हातात लॅटिन होतं, त्यानं लोकांच्या जिभेवरची ओवी घेतली. (श्रीरामपूरकरांना हे सांगताना मी जरा ताठ बसते.) पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारनं स्थानिक भाषा बंद करण्याचा हुकूम काढला आणि तो धागा विरला. मिस्सा लोकांच्या भाषेत यायला जगभरच्या कॅथोलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची, म्हणजे १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाची वाट पाहावी लागली. आज ज्या कोंकणी मिस्सेला जुनी म्हणून कवटाळतात, ती तेव्हाची नवलाई.

वाड्यावाड्यावरच्या ल्हान क्रिस्तांव समुदायांचंही तसंच. दहा-पंधरा घरांनी कुणाच्या तरी ओट्यावर बसून शुभवर्तमान वाचायचं, हा तसा अलीकडचा प्रकार. जिथे खुरसापुढे (क्रुसापुढे) लदाईन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, होते, नंतर चणे नि पेला फिरतो, तिथे तो सहज रुजला, कारण माणसं आधीपासून जमत होती. भाड्याच्या फ्लॅटवाल्या भागात मात्र रजिस्टरवर नावं असतात आणि बैठकीला तीनच बायका. तिथे झारखंडची, ओडिशाची, आमच्यासारखी नगरची कुटुंबं आहेत. त्यांच्यासाठी कोंकणी-इंग्रजीचा वाद म्हणजे दोन परक्यांचं भांडण. फादरांनी खरं लक्ष घालायला हवं ते इथे, आणि ते गिटार-मोतेताच्या वादात अडकलेले असतात.

सध्या आमच्याकडे वेदीशेजारच्या पडद्यावरून जुंपली आहे. गीताचे शब्द दिसतात, पोरांना सोयीचं. मेस्त म्हणतात, मान वर करून गायलं की आवाज फुटत नाही. मी मेस्तांच्या बाजूनं आहे, पण नगरहून नवीन आलेल्या बाईला त्या पडद्यामुळेच पहिल्या दिवसापासून गाता आलं, हेही मी बैठकीत बोलले. पडदा निदान पास्कापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, ठेवायचा असं ठरलंय.