वंशावळीत नसलेली पणजी

आमच्या घराण्याची वंशावळ तयार आहे. काकांनी रिटायर झाल्यावर बसून केलेली, ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर, आणि ती खरंच मेहनतीची आहे, कारण होळकरांच्या चाकरीत नगरकडून माळव्यात पहिला कोण आला, कोण दत्तक गेलं, कोणती शाखा महेश्वरला राहिली आणि कोणती 1818 मध्ये राजधानी इंदूरला आल्यावर इकडे आली हे सगळं त्यात आहे. फक्त बायका नाहीत. एकही नाही. पणजोबांच्या चौकटीतून चार रेघा खाली येतात, चार मुलगे, आणि पणजोबांची दोन लग्नं झाली होती हे घरात सगळ्यांना माहीत असूनही कुठला मुलगा कुणाचा हे कागदावरून कळत नाही.

माझे आजोबा त्यातले थोरले. त्यांची आई ते तान्हे असतानाच गेली आणि त्यांना वाढवलं दुसऱ्या आईने, तिला सगळं घर माई म्हणायचं. माईंचा फोटो आहे, आठवणी आहेत. पहिलीचं नाव बाबांनाही माहीत नव्हतं. मला हे फार लागलं, म्हणजे जिच्या पोटी आमची अख्खी शाखा आली तिचं साधं नाव नसावं? म्हणून शोधायला लागले. आणि शोधता शोधता माझं पक्कं मत झालं की आपल्याकडे बायका वंशावळीत सापडत नाहीत, त्या जन्म, लग्न आणि मृत्यूच्या कागदांत सापडतात. ते कागद म्हणजे सरकारी दाखले असतीलच असं नाही.

सरकारी बाजू आधी सांगते. आज जो जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा आहे तो 1969 चा. त्याआधी इंग्रजांचा 1886 चा कायदा होता पण ती नोंदणी ऐच्छिक होती आणि संस्थानांचा कारभार वेगळा. त्यामुळे 1970 नंतरचं मिळायला त्या मानाने सोपं, त्याच्या मागे जाल तसं अवघड. कायद्याच्या 17 व्या कलमाप्रमाणे कुणीही फी भरून रजिस्टरमधली नोंद शोधून मागू शकतं आणि तिचा दाखला घेऊ शकतं (मृत्यूचं कारण मात्र दाखल्यात देत नाहीत). इथे इंदूरला एक गोष्ट लक्षात ठेवायची, नोंदी हिंदीत आहेत आणि हिंदीत ळ लिहीत नाहीत, म्हणून काळे हे काले होतात आणि गोळे हे गोले. कॉम्प्युटरवर शोधताना दोन्ही टाकून बघा. शिवाय जुन्या जन्मनोंदीत बाळाचं नावच नसतं बऱ्याचदा, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली, नुसतं मुलगा किंवा मुलगी आणि बापाचं नाव. आणि लग्नाचं तर विचारूच नका, सगळ्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा असं सुप्रीम कोर्टाने राज्यांना सांगितलं ते 2006 साली. आमच्या आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्यात वडिलांचं नाव आहे, आईचं नाही. तिथे तो रस्ता संपला.

मग आत्याकडे गेले. आत्या ऐंशीच्या पुढची, रामबागेत राहते, डोकं अगदी स्वच्छ. आजोबांना ती दादा म्हणायची. ती म्हणाली, "अगं, नाव कसं नाही? दादा पक्ष करायचे की. महालयाची यादी बघ."

ज्यांच्या घरी पक्ष होतो त्यांना माहीत असेल, पण आजकाल बऱ्याच जणांना नसतं म्हणून लिहिते. वर्षश्राद्ध एकाचं असतं, पण पितृपक्षातला महालय सगळ्यांचा. गुरुजी सांगतात त्या क्रमाने एकेकाचं नाव आणि गोत्र घ्यावं लागतं. आधी वडील, आजोबा, पणजोबा. मग आई, आजी, पणजी. सापत्न आई असेल तर ती वेगळी. मग आईचे वडील, त्यांचे वडील, त्यांचे वडील, आणि त्यांच्या बायका. नंतर काका, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, सासू सासरे, अगदी गुरू आणि आप्तांपर्यंत. एवढी नावं ऐनवेळी आठवत नाहीत म्हणून घरोघरी ती लिहून ठेवलेली असतात, वहीत नाहीतर पंचांगाच्या मागच्या पानावर. वंशावळीत ज्यांना जागा नाही त्या सगळ्या बायका या यादीत आहेत, कारण नाव घेतल्याशिवाय पिंड देता येत नाही!

आत्याच्या देवघराच्या खणात आजोबांच्या हातची यादी निघाली, मोडीत लिहिलेली. मोडीत ऱ्हस्व दीर्घ नसतं, शब्द सुटे नसतात, त्यामुळे नावं वाचायला जाणकार माणूसच लागतो, पण आत्याच्या ओळखीतले एक रिटायर्ड मास्तर येऊन बसले आणि त्यांनी ओळ न् ओळ सांगितली. माता, रमा. सापत्नमाता, म्हणजे माईंचं नाव, खालच्या ओळीत वेगळं. मी रडले तिथेच, खोटं कशाला सांगू.

आणि त्याच यादीत मातामह, प्रमातामह, वृद्धप्रमातामह, म्हणजे रमाचे वडील, आजोबा, पणजोबा, तिघांची नावं गोत्रासकट. एका कागदाने तिच्या माहेरच्या तीन पिढ्या दिल्या. आडनाव सोडून, कारण संकल्पात आडनाव घेत नाहीत, नाव आणि गोत्र एवढंच.

समासात आजोबांनी लिहिलं होतं, "अविधवा नवमी" आणि त्याखाली "आश्विन वद्य द्वादशी". नवरा जिवंत असताना जी गेली तिचं श्राद्ध पितृपक्षातल्या नवमीला करतात, म्हणजे ती सवाष्ण गेली हे नक्की. (नवरा गेल्यावर काही घरांत ही नवमी बंद करतात, काहींत चालू ठेवतात, तेव्हा घरात नवमी होत नाही म्हणून उलटा अर्थ काढू नका.) द्वादशी ही तिची तिथी. तिथीत साल नसतं हीच खरी अडचण, आपल्या घरांमध्ये माणूस कुठल्या तिथीला गेलं ते शंभर वर्षं पाठ असतं आणि कुठल्या साली गेलं ते दुसऱ्या पिढीलाच माहीत नसतं.

इथे माळव्यातल्या लोकांसाठी एक महत्त्वाचं. आपला महिना अमावास्येला संपतो, इकडच्या हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला. शुक्ल पक्षात काही फरक नाही, पण वद्य पक्षात महिन्याचं नाव बदलतं. आपला पितृपक्ष भाद्रपद वद्य, त्यांचा तोच पंधरवडा आश्विन कृष्ण. म्हणजे घरच्या यादीत आश्विन वद्य द्वादशी असेल तर हिंदी पंचांगवाल्या कागदात तोच दिवस कार्तिक कृष्ण द्वादशी होतो. कागद कुणी लिहिला ते आधी बघायचं, मग तारीख काढायची, नाहीतर सरळ एक महिन्याचा घोळ. इसवी सन काढायला कागदावर शालिवाहन शकाचं साल असेल तर 78 मिळवायचे, जानेवारी ते गुढीपाडवा या काळातला दिवस असेल तर 79. विक्रम संवत असेल तर 57 वजा, त्याच तीन महिन्यांत 56. संवत्सराच्या नावावर तर इकडे अजिबात जाऊ नका, उत्तरेकडे त्याच वर्षाचं नाव वेगळं असतं.

साल मिळालं ते दोन कागदांच्या मध्ये. आजोबांची पत्रिका होती, शके 1839, कार्तिक, म्हणजे 1917. आणि पणजोबांच्या दुसऱ्या लग्नाची यादी सापडली. यादी म्हणजे लग्न ठरताना दोन्हीकडचे बसून लिहायचे ती, हुंडा, मानपान, कोणी काय करायचं, खाली दोन्हीकडच्या सह्या. तिच्यावर वैशाख, शके 1841, म्हणजे 1919. या दोन्हींच्या मध्ये आश्विन वद्य द्वादशी एकदाच येते, 1918 ची. ऑक्टोबर अखेर, दिवाळीच्या तोंडावर. फ्लूची साथ सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये सगळ्यात जोरात होती, हिंदुस्थानात कोटीच्या वर माणसं गेली आणि त्यात बायका जास्त होत्या. आत्याने लहानपणी ऐकलेलं एवढंच, "दादांची आई तापात गेली." बाळ अकरा महिन्यांचं, घरोघरी माणसं आडवी पडलेली, आणि पुढच्या वैशाखात पणजोबांचं दुसरं लग्न. मी पूर्वी याबद्दल पणजोबांवर मनातून रागावले होते. आता तान्हं पोर घेऊन बसलेला माणूस दिसतो.

लग्नाचा पुरावा कुठे मिळाला तर माळ्यावर, भांड्यांत. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे ना, टिंबांटिंबांनी. जुन्या पितळी घंगाळ्याच्या काठाखाली चिंच लावून घासल्यावर अक्षरं वर आली: "चि. गोदू हिस मामांकडून, देवास, शके 1831". पणजोबा एकुलते एक, त्यामुळे त्या साली घरात सून म्हणून आलेली एकच. मुलींना दिलेली भांडी त्यांच्याबरोबर सासरी जातात, घरात उरतात ती सुनांनी आणलेली. म्हणजे माहेरची गोदू ती सासरची रमा, लग्न 1909 च्या सुमाराला, आणि मामा देवासचे.

या भांड्यांबद्दल जीव तोडून सांगावंसं वाटतं. स्टील आलं तेव्हा किती घरांनी पितळ मोडीत घातलं, आमच्याही, आणि त्याबरोबर मुलीचं माहेरचं नाव, देणाऱ्याचं नातं, गाव, साल असं सगळं वितळून गेलं. ज्यांच्याकडे अजून असेल त्यांनी निदान मोबाईलवर फोटो काढून ठेवा, तिरपा उजेड पाडून काढा म्हणजे अक्षरं उठतात. आहेराच्या वह्याही तशाच, कोणी किती दिले यापेक्षा कोण कुठून आला ते बघा. मामाकडचे, मावशीकडचे, सगळे त्यात असतात.

आमच्या जवळच्या महूला इंग्रजांची छावणी होती, तिथल्या गोऱ्यांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं चर्चच्या रजिस्टरात लिहिली जायची आणि त्यांच्या प्रती लंडनला जायच्या. त्यामुळे तिकडच्या कुणाला पणजीची पणजी इंग्लंडमध्ये बसून मिळू शकते. आपल्याकडे अशी एक जागा नाही, पण नोंदी आहेत, विखुरलेल्या आहेत. क्षेत्रोपाध्यांच्या वह्या तर आहेतच, नाशिक, त्र्यंबक, काशी, गया, हरिद्वार. गाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्ये वही काढतात आणि त्यात तुमच्या खापरपणजोबांनी स्वतः सांगितलेली घरातली नावं निघतात. युटाच्या जीनिऑलॉजिकल सोसायटीने 1977 पासून अशा वह्यांचं मायक्रोफिल्मिंग केलंय, पण स्वतः जाऊन बघण्याची सर त्याला नाही असं मला वाटतं.

माझं अडलंय ते आडनावावर. रमाच्या माहेरचं गोत्र आहे, तीन पुरुषांची नावं आहेत, मामांचं गाव आहे. त्या गोत्रातले छापील कुलवृत्तांत बघायला घेतलेत, त्यांत तीन नावं एकाखाली एक त्याच क्रमाने कुठे बसतात ते शोधायचं. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात म्हणून तीच दोन नावं आलटून पालटून येतात आणि दोनदा बसल्यासारखं वाटून बसत नाहीत, तिसरं नाव जुळेपर्यंत काही धरायचं नाही असं ठरवलंय. देवासचंही जरा किचकट आहे, तिथे पवारांच्या दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात दोन संस्थानं, त्यामुळे मामा कुणाच्या चाकरीत होते ते आधी काढावं लागेल. पक्ष सुरू व्हायच्या आत एकदा तिकडे जाऊन येणार आहे. काकांच्या वंशावळीची नवी प्रत मात्र काढायला घेतली, चुलतभाऊ एक्सेलमध्ये करतोय, आणि प्रत्येक चौकटीत दोन नावं टाकायची, बाईचं सासरचं आणि माहेरचं दोन्ही, जिचं मिळालं नाही तिची जागा रिकामी ठेवायची पण चौकट ठेवायची, हे त्याला बजावून सांगितलंय.