रबाबाच्या साथीने चालणारी बनी हिलालची गाथा

फोंड्याच्या देवळांत कीर्तने ऐकत वाढल्यामुळे अरबी कथेकऱ्यांविषयी वाचताना मला प्रथम प्रश्न पडला तो हा, की एवढी लांब गाथा त्यांना शब्दशः मुखोद्गत असे, की केवळ तिचा सांगाडा?

एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने १८३६ मध्ये कैरोच्या कॉफीगृहांतील कथेकऱ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात बनी हिलाल टोळीतील अबू झैद या वीराची गाथा पुस्तकाविना गाणारे ‘शाइर’ पन्नासेक होते, सुलतान बैबर्सची कथा वाद्याविना सांगणारे तीसेक, आणि अंतरा या योद्ध्याची कथा पोथी पुढ्यात घेऊन वाचणारे जेमतेम सहा. यांपैकी शाइरांची परंपराच आज इजिप्तमध्ये टिकून आहे, आणि २००८ मध्ये युनेस्कोने तिला आपल्या यादीत स्थान दिले. लहान वयापासून वर्षानुवर्षे शिकून तयार झालेला गायक रबाब हे तंतुवाद्य वाजवीत, अरबस्तानातून उत्तर आफ्रिकेत गेलेल्या बनी हिलाल टोळीची हकिकत लग्नसमारंभांत रात्रभर गातो. हा रबाब नारळाच्या करवंटीचा असतो, हे वाचून गोव्याच्या माणसाला बरे वाटल्याशिवाय राहत नाही.

माझ्या प्रश्नाचे उत्तर त्या पद्यरचनेत सापडते. ओळींच्या अखेरीस एकच यमक बराच काळ चालू राहते. प्रसंगांचा क्रम ठरलेला, वर्णनाचे साचे तयार, आणि त्यांच्या आधाराने गायक समोरची मंडळी पाहून ओळी वाढवतो किंवा आवरतो. पेडण्यातील दशावतारी नट आख्यान ठरल्यावर संवाद रंगमंचावरच रचतात, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. याला पाठांतर म्हणणे मला अपुरे वाटते.

कथाही ओळखीची आहे. अबू झैदची आई खद्रा काळ्या पक्ष्याचे शौर्य पाहून तसाच पुत्र मागते. मूल काळे जन्मताच बाप रिझ्क तिच्या शीलावर संशय घेतो आणि मायलेकरांना टोळी सोडावी लागते. परक्यांत वाढलेला हा मुलगा पुढे रणांगणात बापाशीच, त्याला न ओळखता, लढतो. आमच्याकडील श्रोत्याला इथे बभ्रुवाहन आठवेल. मात्र अर्जुनाला आले तसे रणात मरण रिझ्कला येत नाही, ओळख पटते आणि अबू झैद आईचा मान परत मिळवून टोळीचा नायक होतो.