कानात तेल घालून झोपलेला कुत्रा

गुळ्या. कॉकर स्पॅनियल, वय साडेतीन, वजन १३ किलो, रंग नावाप्रमाणे, मुक्काम चिपळूण. या पावसाळ्यात दोन कामं अंगावर घेतली होती. एक म्हणजे त्याचा उजवा कान गणपतीपर्यंत कोरडा ठेवायचा, आणि दुसरं म्हणजे त्याने रात्री कुठे झोपायचं यावरून घरात चाललेला तंटा मिटवायचा. दोन्ही कामं शेवटी एकाच वहीत लिहावी लागली.

२८ मे

आठवडाभर उजवा कान खाजवतोय, डोकं झटकतोय. अण्णा (सासरे) म्हणाले, "अगं, कोमट खोबरेलाचे दोन थेंब सोड. पोरांच्या कानात नव्हतो घालत?" मलाही पटलं. घातलं. पठ्ठ्या पडवीत गोणपाटावर पसरला आणि सकाळपर्यंत हलला नाही. अण्णा दिवसभर विजयी.

४ जून

चार दिवस शांत गेले आणि पाचव्या दिवशी कान उचलला तर वास. आंबोळीचं पीठ जास्त फुगलं की भांड्यावरचं झाकण काढताना येतो ना, अगदी तोच. आत तपकिरी, चिकट मळ. डॉक्टरांनी कापसाच्या काडीवर मळ घेतला, काचेवर फिरवला, रंग दिला आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. जांभळ्या रंगात भुईमुगाच्या शेंगांसारखे ठिपके, मधे चिमटलेले. मॅलॅसेझिया, म्हणजे यीस्ट. ते निरोगी कुत्र्याच्या कातडीवरही थोडंफार असतंच. ऊब, ओल आणि स्निग्धपणा मिळाला की माजतं. मी तिन्ही पुरवलं होतं.

तेल घालण्याआधी हेच बघायचं राहिलं, की कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी सरळ नसते. ती आधी खाली उतरते, मग काटकोनात आत वळते आणि त्या वळणापलीकडे पडदा. आत गेलेलं तेल सहजी बाहेर येत नाही. कापसाची काडी घरी वापरली तर मळ बाहेर येण्याऐवजी त्या वळणात ठासला जातो. डॉक्टर काडी वापरतात ती नमुना घ्यायला, साफ करायला नाही, हे मला तिथे उभं राहून कळलं. पडदा शाबूत आहे का, तेही त्यांनी आधी बघून घेतलं. पडदा फाटलेला असेल तर काही औषधं आतल्या कानाला इजा करतात. म्हणून दुकानातून परस्पर थेंब आणायचे नाहीत. शेजारच्या कुत्र्याचे उरलेले तर नाहीच नाही.

औषध १४ दिवस.

७ ते १८ जून

मृग लागला. वहीत तीन रकाने पाडले: वास (० ते ३), मळाचा रंग, आणि संध्याकाळी दहा मिनिटांत डोकं किती वेळा झटकलं. सुरुवात ३, तपकिरी, ११. शेवट ०, पिवळट, २.

धुण्याची पद्धत आता हाताला बसली आहे. कानाची पाळ वर धरायची, कुत्र्यांच्या कानाचा क्लीनर नळी भरेपर्यंत ओतायचा आणि लगेच कानाचं मूळ बोटांच्या चिमटीत धरून अर्धा मिनिट चोळायचं. चिखलात चप्पल रुतावी तसा पचक-पचक आवाज आला म्हणजे क्लीनर खालपर्यंत पोचला. मग हात काढायचा, तोंड फिरवायचं आणि त्याला झटकू द्यायचं. वळणातला मळ वर आणायचं काम तो झटका करतो, तुमचा कापूस नाही. कापसाचा बोळा फक्त बोट जाईल तिथपर्यंत. मी हे सगळं मोरीत करते. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात केलं होतं, फ्रिजच्या दारावर अजून ठिपके आहेत.

एक चूक नोंदवून ठेवते. औषध संपल्यावर उत्साहाच्या भरात रोज धुवायला लागले. चौथ्या दिवशी कानाची आतली बाजू लालबुंद. रोजच्या धुण्याने कातडी ओली राहते आणि सोलवटते. आता आठवड्यातून एकदा, रविवारी. आंघोळ घातली तर त्या दिवशी जास्तीचं.

२२ जून, केस

कॉकरचा कान म्हणजे दारावर टाकलेली जाड गोधडी. आत वारा नाही. पाळीच्या आतल्या बाजूचे, नळीच्या तोंडाभोवतीचे केस काढले नाहीत तर बाकीची मेहनत वाया. क्लिपरला १० नंबरचं पातं लावते, दीड मिलिमीटर केस राहतात. पाळीचा वरचा तिसरा हिस्सा आतून-बाहेरून साफ, खालची झालर तशीच. झालर कापली तर कॉकर कसला.

क्लिपरची सवय लावायला नऊ दिवस गेले. पहिले तीन दिवस क्लिपर नुसता शेजारी ठेवून उकडलेली कलेजी. मग दुसऱ्या खोलीत चालू करून कलेजी. मग पाठीवर, पातं न लावता. कानापाशी आवाज त्याला दसपट वाटत असणार, त्यामुळे इथे घाई केली की पुढचं वर्षभर भोगायचं. दर दोन मिनिटांनी पातं मनगटावर टेकवून बघते, तापतं फार.

कानामागच्या गाठीला मात्र कात्री नाही. गुंत्याबरोबर कातडीची घडी वर उचलली जाते आणि केस समजून आपण पाळच कापतो. मागच्या वर्षी कडेला अर्ध्या सेंटिमीटरची चीर पाडली होती. पाळ इतकी रक्ताची असते की भिंतीवर, दारावर, अण्णांच्या धोतरावर शिंतोडे. आता गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर, बोटांनी फोडायची, मग कंगवा. त्याच घडीत गोचीडही लपतात, तेही बघून होतं.

नळीच्या आतले केस उपटायचे का? पूडल, शिह त्झू पाळणारे सर्रास उपटतात. कान निरोगी असेल तर मी हात लावणार नाही. उपटलेल्या जागी सूज येते आणि आपणच यीस्टला पाट मांडतो.

जेवणाची सोय: जुन्या लेगिंगचा पाय वीतभर कापून डोक्यावरून चढवते, दोन्ही कान आत. दिसतो नळावर भांडणाऱ्या बाईसारखा, पण झालर भातात बुडत नाही.

१ ते २१ जुलै, झोप

आता तंट्याकडे. अण्णांचं म्हणणं, कुत्रा राखणीला असतो, पडवीतच शोभतो. मुलीचं म्हणणं, तिच्या गादीवर. माझं म्हणणं, आधी बघू तो झोपतो कसा.

एकवीस रात्री उठले की बघितलं आणि खूण केली. सोळा रात्री उजवी कूस खाली. पडवीत तो अंगणातून आत येताना डावीकडे लागणाऱ्या भिंतीला पाठ लावून झोपतो, तोंड अंगणाकडे, म्हणजे उजवी कूस खाली येणारच. आणि उजवा कान रात्रभर गोणपाटात दाबलेला. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जुलैत गोणपाटाला हात लावला तर पिळून काढावंसं वाटतं. डावा कान वर, उघडा, कोरडा. तो एकदाही बिघडलेला नाही.

डॉक्टरांना वही दाखवली. ते म्हणाले, ओल आणि दाबून बसलेली पाळ यीस्टला मदत करणारच, पण कान पुन्हा पुन्हा बिघडतो तेव्हा मुळाशी बहुतेक वेळा ॲलर्जी असते, तेवढं विसरू नका. विसरले नाही, खाली येतेच.

पडवी बंद करायला दुसरंही कारण होतं, आणि अण्णांना तेच पटलं. बिबट्या. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता, त्यात खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात ३९ टक्के वाटा पाळीव आणि मोकाट कुत्र्यांचा निघाला. आमच्या वाडीत आकडेवारी लागत नाही, नुसता रिकामा पट्टा सापडतो. वर पावसाळ्यात फुरसं आडोशाला येतं. राखण करणाऱ्याची राखण कोण करणार? अण्णा काही बोलले नाहीत, पण रात्री दाराची कडी त्यांनीच लावली. गुळ्या आत होता.

आत कुठे, यावर आणखी आठ दिवस. सिलिंडरशेजारी जागा केली, तिथे उकडतं. मुलीच्या गादीवर दोन रात्री गेला आणि पहाटे स्वतःच उतरून माजघराच्या उंबऱ्यापाशी शहाबादी फरशीवर पडला. गार, पण पावसाळ्यात फरशीला पाणी सुटतं. शेवटी माळ्यावरचं लहान बाजलं काढलं. २२ जुलै २०२१ च्या पुरात खालचं सामान गेलं, हे वर होतं म्हणून वाचलेलं. नवी नवार विणली. जमिनीपासून वीतभर उंच, खालून वारा खेळतो. ते नेमकं त्या उंबऱ्यापाशी ठेवलं, भिंतीपासून हातभर लांब, म्हणजे पाठ टेकायला भिंतच नाही. पहिली रात्र शेजारी फरशीवर. दुसरी रात्र पुढचे दोन पाय बाजल्यावर. तिसऱ्या रात्री घोरण्याचा आवाज आला तो बाजल्यावरून.

अंथरायला आधी हौसेने गोधडी घातली. इथल्या जुलैत गोधडी धुतली तर नागपंचमीला वाळते, तोवर तिला स्वतःलाच वास. आता जुन्या सुती साडीच्या दुहेरी घड्या, तीन जोड. रात्रीत पंख्याखाली वाळतात. गोधडी थंडीत काढीन.

बाजल्यावर तो मुटकुळं करून झोपतो, कूस ठरलेली नाही. पुढच्या चौदा रात्रींत उजवी सहा, डावी पाच, तीन वेळा उताणा आणि दोन्ही कान पंखासारखे पसरलेले.

९ ऑगस्ट

वास ०, झटके १. तरी मळ पिवळट येतोच आहे आणि पंजे चाटणं सुरूच. म्हणजे डॉक्टरांची शंका खरी असावी. आठ आठवड्यांचा खाण्याचा प्रयोग: त्याने आजवर न खाल्लेलं एक मांस आणि एक पिष्ट, बाकी सगळं बंद, कलेजीसुद्धा. चिपळुणात राहून मासा न चाखलेला हा कुत्रा, कारण ह्यांना काट्याची धास्ती. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून बाजारात बांगडा आला तसा आणला. उकडून, काटे काढून, रताळ्याबरोबर. काटे काढायला वीस मिनिटं लागतात आणि त्याला संपवायला वीस सेकंद.

१७ ऑगस्ट

नववा दिवस. पहाटे पाणी प्यायला उठले तर माजघरात दिवा. अण्णा बाजल्याशेजारी पाटावर बसलेले, बशीत चहा, हातात ग्लुकोजचं बिस्किट, अर्धं त्यांच्या तोंडात, अर्धं गुळ्याच्या.

"कधीपासून?"

"रोज नाही गं," अण्णा म्हणाले. "एखादं."

गव्हाचं बिस्किट, त्यात दूध पावडर. वहीत रेघ मारली. उद्यापासून पुन्हा पहिला दिवस. अण्णांच्या चहासोबत वाटीत उकडलेलं रताळं ठेवायचं.