नवी आवृत्ती येईपर्यंत

आकाशनिरीक्षणाची आवड असणाऱ्यांचा आमचा एक चर्चामंच आहे. त्याची तांत्रिक बाजू मी सांभाळते. दुर्बिणीचा आरसा घरी घासायचा कसा, ग्रहणाच्या फोटोंसाठी फिल्टर कोणता, जुन्या माउंटचे, म्हणजे दुर्बिणीच्या स्टँडचे, गिअर कसे साफ करायचे, असं सगळं तिथे साठलं आहे. हे लिहिणाऱ्यांपैकी काही जण आता हयात नाहीत. आरशाला पॅराबोलाचा आकार देण्याच्या शेवटच्या टप्प्याबद्दल त्यांनी फोटोंसकट जे लिहून ठेवलंय, ते इतकं सविस्तर मला दुसरीकडे कुठेही वाचायला मिळालेलं नाही. म्हणून सॉफ्टवेअर बदलायचं म्हटलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो या धाग्यांचा, म्हणजे साठलेल्या चर्चांचा. नवं रूप कसं दिसेल, ते नंतर.

मंचाचं सॉफ्टवेअर विकतचं आहे. एकदा लायसन्स घ्यायचं, मग दरवर्षी रिन्यू केलं की अपडेट आणि मदत मिळत राहते. कंपनीने पुढची मोठी आवृत्ती येणार असं जाहीर केलं तेव्हा सोबत हेही सांगितलं होतं की हे सॉफ्टवेअर मुळापासून नव्याने लिहिलं जातंय. तारीख दिली नाही. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं : तयार झालं की येईल.

एरवी मी निवांत थांबले असते. पण मंचाचं सॉफ्टवेअर पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेलं आहे, आणि आमची जुनी आवृत्ती पीएचपी ५.६ च्या पुढे चालत नव्हती. तिच्यात डेटाबेसशी, म्हणजे मंचाचा सगळा मजकूर जिथे साठतो त्याच्याशी, बोलण्यासाठी जी जुनी फंक्शन्स वापरली होती, ती डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून काढूनच टाकलेली होती. आणि ५.६ साठी सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं ३१ डिसेंबर २०१८ ला थांबणार होतं. म्हणजे खालची जमीन कधी सरकणार ते ठाऊक होतं, वरचं घर कधी बांधून होणार ते नाही. मोठ्या आवृत्तीची वाट पाहणाऱ्या ग्राहकाची खरी अडचण ही असते. नव्या सोयींसाठी माणूस कितीही थांबतो. जुनं वापरणं धोक्याचं व्हायला लागलं की थांबणं जड जातं.

आमच्या संपादक मंडळात यावर बरीच चर्चा झाली. एक जण म्हणाला, "एवढा वेळ लागतो का कुठे? आपण दुसरंच काहीतरी घेऊ." त्याचा वैताग मला पटत होता, पण वेळ लागतो हे मला माहीत होतं. पीएचपीबीबी या मोफत फोरम सॉफ्टवेअरची २.० आवृत्ती एप्रिल २००२ मध्ये आली आणि ३.० आली डिसेंबर २००७ मध्ये. नेटस्केपने ब्राउझर नव्याने लिहायला घेतला तेव्हा ४ नंतर थेट ६ आली, २००० च्या अखेरीस. मधली ५ कधी बाहेरच पडली नाही. पीएचपी ६ ची गोष्ट तर आम्हाला जास्त जवळची. तिच्यात युनिकोडचा (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा) आधार गाभ्यातच असणार होता, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांचं काम बरंच सोपं झालं असतं. तो बेत २०१० मध्ये सोडून द्यावा लागला, आणि नंतर आकडा ५ वरून सरळ ७ वर गेला. चालू असलेलं सॉफ्टवेअर नव्याने लिहिताना जुन्या कोडमधल्या शेकडो बारीक दुरुस्त्या पुन्हा शोधून काढाव्या लागतात. त्यातली प्रत्येक कुणाच्या तरी तक्रारीतून आलेली असते आणि बहुतेकींची कुठे नोंदही नसते. वेळ तिथे जातो.

दुसरं सॉफ्टवेअर घेण्याचाही मी नीट विचार केला. आयात करायची साधनं असतात, पण ती साधारणपणे धागे, प्रतिसाद आणि सदस्य आणतात. आमची निरीक्षणांच्या नोंदीची वेगळी पानं, धाग्यांतर्गत जोडण्या, मजकुराच्या मधोमध बसवलेले फोटो यातलं काय टिकेल याची खात्री कुणी देईना. त्याच कंपनीच्या नव्या आवृत्तीत निदान धाग्यांचे जुने आयडी, म्हणजे क्रमांक, तसेच राहतील, असं त्यांनी लेखी कळवलं होतं. मी लायसन्स रिन्यू केलं. नवं काही हाती नसताना पैसे भरायला लावणं मला योग्य वाटत नाही, आणि हे मी त्यांना स्पष्ट लिहिलंही. मुदत पुढे गेली तर तेवढे महिने लायसन्सला जोडून द्यायला हवेत, असं माझं आजही मत आहे.

वाट पाहण्याच्या काळात कंपनी अधूनमधून नव्या सोयींची झलक दाखवायची. नवा एडिटर, मोबाइलवर नीट बसणारी रचना, प्रतिसादांवर भावचिन्हं. लोक खूश व्हायचे. मला मात्र सगळ्यात उपयोगी पडली ती एक रुक्ष घोषणा. पीएचपीची किमान आवृत्ती कोणती लागेल, मायएसक्यूएल या डेटाबेसची कोणती, पानांचं रूप ठरवणारी जुनी टेम्प्लेट्स चालणार नाहीत, वरून बसवलेली जुनी ॲड-ऑन चालणार नाहीत, एवढंच तिच्यात होतं. त्या दिवशी मला कामाला लागता आलं. ग्राहकांना तारीख देता येत नसेल तर देऊ नये. काय मोडणार आहे ते मात्र शक्य तितक्या लवकर सांगावं. आवृत्तीतला पहिला आकडा बदलला की जुन्याशी जुळण्याची हमी संपते, हा सॉफ्टवेअरमधला रूढ संकेत आहे. मग न जुळणाऱ्या गोष्टींची यादी हीच खरी जाहिरात.

सुरुवात ॲड-ऑनपासून केली. वर्षानुवर्षं कुणी काही सुचवलं की एक बसवलं जायचं. प्रत्येकापुढे मी तीन गोष्टी लिहिल्या : कोण वापरतं, लिहिणारा अजून त्याची देखभाल करतो का, आणि ते काढलं तर कोणता मजकूर दिसेनासा होईल. शेवटची बाब सगळ्यात महत्त्वाची. वाढदिवस दाखवणारं ॲड-ऑन काढलं तर काही बिघडत नाही. पण आमच्याकडे एक खास टॅग होता. त्यात तारा किंवा तेजोमेघ यांचा क्रमांक लिहिला की पुढची माहिती आपोआप दिसायची. तो टॅग हजारो प्रतिसादांत विखुरलेला. ॲड-ऑन गेलं असतं तर त्या सगळ्या ठिकाणी नुसते चौकोनी कंस उरले असते. म्हणून तेवढं एक नव्याने लिहून घ्यायचं ठरलं आणि बाकी बहुतेक निरोप घेऊन गेली. याबद्दल सदस्यांना आधीच कळवलं. नाराजी आली, पण ती आधी आली हे बरं झालं.

आमच्याकडचे जुनेजाणते सदस्य, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांनी फोन केला. म्हणाले, "अगं, रंग कुठलेही दे, बटणं कुठेही ठेव. मी लिहिलेल्या जुन्या धाग्यांचे दुवे मात्र मोडू देऊ नकोस. लोकांनी ते वहीत उतरवून घेतलेत." काकांचं हे वाक्य मी कामाच्या यादीत सगळ्यात वर लिहिलं.

डेटाबेसने सर्वात जास्त वेळ घेतला, आणि त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण देवनागरीत चालणाऱ्या कुठल्याही जुन्या मंचाला हे भेटू शकतं. आमच्या डेटाबेसच्या जुन्या टेबलांवर कॅरॅक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, लॅटिन-१ (युरोपीय अक्षरांची) असा लिहिलेला होता, आत मात्र यूटीएफ-८ (युनिकोडची) चे बाइट भरलेले. सॉफ्टवेअर आणि डेटाबेस दोघेही एकमेकांशी लॅटिन-१ मध्येच बोलत असल्यामुळे हा घोटाळा कधी वर आला नव्हता. पानावर मराठी अगदी व्यवस्थित दिसायची. नव्या आवृत्तीला खरंखुरं यूटीएफ-८ हवं होतं. अशा वेळी कॉलम थेट बदलायला सांगितला तर डेटाबेस त्या प्रत्येक बाइटला स्वतंत्र युरोपीय अक्षर समजून पुन्हा एकदा रूपांतर करतो. परिणाम ओळखायला सोपा आहे : डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्याच्या मागे चार टोकं फुटलेलं छोटं वर्तुळ, हे जोडपं ओळीभर पुन्हापुन्हा येतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि त्यातला पहिला बाइट कायम तोच असतो, म्हणून ते जोडपं.

उपाय असा की कॉलम आधी बायनरी प्रकारात न्यायचा, म्हणजे डेटाबेस अर्थ लावायचं सोडून देतो आणि बाइट जसेच्या तसे राहतात. मग त्याच कॉलमला यूटीएफ-८ चं लेबल लावायचं. यूटीएफ-८ म्हणतानाही मायएसक्यूएलमध्ये सावध राहावं लागतं. त्याच्या जुन्या 'यूटीएफ८' प्रकारात एका चिन्हाला तीनच बाइट मिळतात. मराठी त्यात बसते, पण इमोजीला चार लागतात आणि ते बसत नाहीत. पूर्ण प्रकाराचं नाव 'यूटीएफ८एमबी४', तो ५.५ मालिकेपासून उपलब्ध आहे. तो निवडला की जुन्या रचनेच्या टेबलांत इंडेक्सची (लवकर शोधता यावं म्हणून ठेवलेल्या सूचीची) ७६७ बाइटची मर्यादा आडवी येते : २५५ अक्षरांचा कॉलम चार बाइटने गुणला की हजाराच्या वर जातो. त्यामुळे काही ठिकाणी इंडेक्स १९१ अक्षरांपर्यंत आखडावा लागला. टेबलं मायआयसॅम या साठवणीच्या जुन्या प्रकारावरून इनोडीबी या नव्या प्रकारावरही नेली. यातलं एकही काम नव्या आवृत्तीसाठी अडून नव्हतं. सगळं जुन्या आवृत्तीवरच, प्रतीवर तपासून, शांतपणे करता आलं. अपग्रेडच्या रात्री हे करायची वेळ आली असती तर विचारही करवत नाही.

बीटा, म्हणजे चाचणीसाठीची आवृत्ती आली तेव्हा चालू मंचाची पूर्ण प्रत वेगळ्या सर्व्हरवर उभी केली. ती पासवर्डमागे ठेवली, म्हणजे सर्च इंजिनला दिसू नये. आणि पहिल्यांदा, काही सुरू करायच्याही आधी, त्या प्रतीवरून ईमेल जाणं बंद केलं. प्रतीत सगळ्या सदस्यांचे खरे पत्ते असतात. पाठीमागे चालणारी कामं जागी झाली की सूचनांचे ईमेल खऱ्या माणसांना जातात. सराव दरवेळी ताज्या प्रतीवर केला. पायऱ्या कागदावर लिहिल्या, प्रत्येकीला लागणारा वेळ नोंदवला, आणि तपासणीसाठी नमुन्याचे धागे ठरवले : सगळ्यात जुना, सगळ्यात लांब, सगळ्यात जास्त फोटोंचा, आणि अवतरणात अवतरण असलेला एक. काकांचा आरशाचा धागा अर्थातच त्यात होता. त्यातल्या आकृत्या एका बीटामध्ये क्रम सोडून शेवटी जाऊन बसत होत्या. मी कंपनीला पानाची रचना आणि नेमका टॅग यांच्यासह कळवलं; पुढच्या बीटात ते दुरुस्त झालं. बीटावर 'चालत नाही' एवढंच लिहून उपयोग नसतो. कुठल्या मजकुरावर, कोणत्या पायरीनंतर, हे लिहिलं की दखल घेतली जाते.

मंडळात पासवर्डबद्दल भीती होती. सॉफ्टवेअर पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता त्यापासून काढलेला हॅश, म्हणजे एक ठसा, साठवतं. जुनं त्यासाठी एमडी५ ही पद्धत आणि सॉल्ट (पासवर्डला जोडायची वेगळी अक्षरं) वापरायचं, नवं बीक्रिप्ट ही पद्धत वापरणार होतं. हॅशवरून पासवर्ड परत मिळवता येत नाही, मग सदस्यांना नवे पासवर्ड घ्यायला लावायचे का? तशी गरज पडत नाही. सदस्य पहिल्यांदा लॉगिन करतो तेव्हा जुन्या पद्धतीने तपासायचं आणि बरोबर निघालं की त्याच क्षणी नव्या पद्धतीने साठवायचं. सदस्याला कळतही नाही. जे परत येतच नाहीत त्यांचे जुने हॅश मात्र तसेच पडून राहतात. ठरावीक मुदतीनंतर ते आम्ही पुसून टाकले. त्यातलं कुणी परत आलं तर ईमेलवरून नवा पासवर्ड घेता येतो.

अंतिम आवृत्ती जाहीर झाली त्या दिवशी मी काही केलं नाही. सुरुवातीच्या दुरुस्त्या येऊन जाऊ दिल्या. मग मंच बंद असल्याची सूचना लावली, डेटाबेस, फाइली आणि जोडलेले फोटो यांचा बॅकअप घेतला आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिला. टेबलांची रचना एकदा बदलली की मागे फिरायला बॅकअपशिवाय वाट नसते, म्हणून कागदावर एक रेघ मारली होती : अमुक वेळेपर्यंत अमुक पायरी झाली नाही तर जुनं परत चालू करायचं. तशी वेळ आली नाही.

जुन्या दुव्यांसाठी ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर कायमचं पाठवणारे नियम, लिहिले. धाग्यांचे आयडी तेच असल्यामुळे नियम थोडेच पुरले. पण धाग्याच्या मधल्या एखाद्या प्रतिसादाकडे थेट नेणारे दुवे वेगळ्या घडणीचे होते. ते सर्व्हरच्या नोंदीत 'पान सापडलं नाही' म्हणून दिसत राहिले आणि एकेक पकडून बसवावे लागले. शोधाचा इंडेक्स नव्याने तयार होईपर्यंत शोध अर्धवट चालत होता. तसं वर ठळक लिहून ठेवलं होतं, त्यामुळे फारशी ओरड झाली नाही. काकांनी त्यांच्या वहीतले दुवे एकेक करून उघडले आणि न उघडणारे मला पाठवले. तेही बसवले.