दोन नंबरचा पिक: बिजान, गिब्ज आणि मॅकगॅरीचा पाय

आमची फँटसी फुटबॉलची लीग आहे: एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या, खऱ्या खेळाडूंना ड्राफ्टमध्ये आळीपाळीने निवडायचं आणि त्यांच्या खेळावर आपले पॉइंट मोजायचे. २०२५च्या सीझनसाठी माझ्याकडे दोन नंबरचा पिक, म्हणजे दुसरी निवड आहे. मागच्या लेखात त्यासाठी अटलांटा फाल्कन्सचा रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) बिजान रॉबिन्सन याच्यावर शिक्का मारून मोकळा झालो होतो. शाई वाळायच्या आत फाल्कन्सचा राइट टॅकल (अडवणाऱ्या रांगेतला उजव्या कडेचा माणूस) कॅलेब मॅकगॅरी सरावात पाय दुखावून घेऊन बसला आणि अख्ख्या सीझनसाठी इंज्युअर्ड रिझर्व्हवर, म्हणजे जायबंदींच्या यादीत, गेला. त्याची जागा घेणारा स्टॉर्म नॉर्टन तर त्याआधीच घोट्याने जायबंदी. म्हणजे ड्राफ्ट तोंडावर असताना माझ्या शीटमधला बिजानचा हिरवा रकाना पुन्हा पिवळा.

लीग तीच. बारा टीम, हाफ पीपीआर (दर कॅचला अर्धा पॉइंट), स्नेक (दर फेरीत क्रम उलटा), कीपर नाही (गेल्या वर्षीचा खेळाडू राखून ठेवता येत नाही). ड्राफ्ट लेबर डेला, म्हणजे सोमवारी १ सप्टेंबरला रात्री, कमिशनरच्या बेसमेंटमध्ये. यंदा गौरी नेमक्या त्याच दिवशी जेवतात. दुपारी पुरणपोळी आणि रात्री ड्राफ्ट, म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांनंतर निम्मी मंडळी सोफ्यावर आडवी होणार. ज्यांचे चांगले पिक पाचव्या-सहाव्या फेरीत आहेत त्यांनी वरणभातावर भागवावं.

एक जुनी लढाई मात्र जिंकली, ती आधी सांगतो. आमच्या लीगमधून किकर, म्हणजे नुसता लाथेने पॉइंट काढणारा खेळाडू, गेला! सात विरुद्ध पाच मतांनी. दर रविवारी कुणाच्या तरी बुटाच्या टोकावर हरायचं आणि त्याला कौशल्य म्हणायचं, हे आता बंद. त्या जागी आणखी एक फ्लेक्स (रनिंग बॅक किंवा रिसीव्हर, कुणालाही बसवता येणारी जागा) आला. हा बदल वाटतो तेवढा साधा नाही, रनिंग बॅक त्यामुळे आणखी महागले. म्हणूनच दोन नंबरचा प्रश्न इतका छळतोय.

एक नंबरवाला बेंगल्सचा रिसीव्हर (बॉल झेलणारा) जमार चेस घेणार हे धरून चाललोय. गेल्या वर्षी १२७ कॅच, १,७०८ यार्ड, १७ टचडाउन. तिन्ही रकान्यांत लीगमध्ये पहिला. तो जर हुक्की येऊन दुसरं कुणाला घेऊन गेला, तर मी चेस घेऊन गप्प बसेन आणि हे सगळं पुराण वाया जाईल. ईगल्सचा रनिंग बॅक सेक्वॉन बार्कलीचं काय, असं कुणी विचारणारच. २,००५ यार्ड काढले, मान्य. पण प्लेऑफ धरून त्याने एका सीझनमध्ये ४८२ टच (बॉल हातात येण्याच्या खेपा) खाल्ले. त्या पायांवर पुन्हा पहिल्या फेरीचा पिक लावायला माझी छाती होत नाही. गेल्या वर्षी ज्याला डोळे झाकून एक नंबरला घेत होते त्या मॅककॅफ्रीने चार सामने खेळून दिले, हे आमच्यातला एकजण अजून जेवताना काढतो.

तर राहिले दोघे. दोघंही २०२३च्याच एनएफएल ड्राफ्टमधले. बिजान आठवा, डेट्रॉईट लायन्सचा जमीर गिब्ज बारावा. बाराव्या नंबरला रनिंग बॅक घेतला म्हणून तेव्हा लायन्सची टर उडवणारे आता कुठे आहेत, देव जाणे.

शीट काय म्हणते ते बघू. २०२४मध्ये बिजानला ३०४ कॅरी (बॉल घेऊन पळण्याच्या खेपा) आणि ६१ कॅच, म्हणजे ३६५ टच. यार्ड १,८८७, टचडाउन १५. गिब्जला २५० कॅरी आणि ५२ कॅच, ३०२ टच. यार्ड १,९२९, टचडाउन २०. म्हणजे ६३ टच कमी मिळूनही गिब्ज पुढे. एका टचला गिब्जचे ६.४ यार्ड, बिजानचे ५.२. आमच्या हिशोबाने, फंबल (हातातून निसटलेले बॉल) सोडून, गिब्ज साधारण ३३९ आणि बिजान ३०९. सामन्याला पावणेदोन पॉइंटचा फरक.

इथवर गिब्जच. पण हे ३०२ टच कुठून आले ते बघितलं की पोटात गोळा येतो. लायन्सचाच दुसरा रनिंग बॅक डेव्हिड मॉन्टगोमेरी १४ सामने खेळला आणि तेवढ्यात १८५ कॅरी, १२ टचडाउन घेऊन गेला. ‘सॉनिक’ आणि ‘नकल्स’ हे दोघांचं टोपणनाव डेट्रॉईटात टी-शर्टवर छापून विकलं जातं, आणि नकल्सला, म्हणजे मॉन्टगोमेरीला, गेल्या ऑक्टोबरमध्ये नवा करारही मिळाला. तो कुठेही जात नाही. मॉन्टी गुडघ्याने बाहेर पडल्यावर शेवटच्या तीन सामन्यांत गिब्जने तिन्ही वेळा शंभरावर यार्ड काढले, आणि वायकिंग्जविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात तर चार टचडाउन. ती रात्र बघून कोण म्हणेल दुसरा कुणी घ्या म्हणून? पण तो सामना त्याने एकट्याने खेळला. यंदा पहिल्या आठवड्यापासून वाटेकरी उभा आहे.

आणि स्वयंपाकीच बदललाय. लायन्सचा ऑफेन्स आखणारा कोच बेन जॉन्सन बेअर्सचा मुख्य कोच होऊन शिकागोला गेला, त्याच्या जागी जॉन मॉर्टन आला. गेल्या वर्षी लायन्सने ५६४ पॉइंट केले, लीगमध्ये सगळ्यात जास्त. त्यातले किती जॉन्सनच्या डोक्यातले आणि किती पोरांच्या पायातले, हे कुणालाच वेगळं काढून दाखवता येणार नाही. शिवाय अडवणाऱ्या रांगेतला मधला माणूस, सेंटर फ्रँक रॅगनाऊ जूनमध्ये निवृत्त झाला, त्याच्या शेजारचा गार्ड केव्हिन झाइटलर टायटन्सकडे गेला. आतली तीन माणसं म्हणजे आता सेंटरला सरकवलेला ग्लास्गो, डावीकडे महोगनी आणि उजवीकडे रॅटलेज हा नवखा. बाहेर सूल आणि डेकर हे टॅकल आहेत म्हणून जीवात जीव. गिब्जचे बरेच लांब रन कडेने फुटतात, तेव्हा टॅकल शाबूत असणं हे माझ्या लेखी आतल्या तिघांपेक्षा मोठं.

नेमकं त्याच हिशोबाने मॅकगॅरीचं जाणं बिजानला टोचतं. फाल्कन्सचा ऑफेन्स कोच झॅक रॉबिन्सन याचा हल्ला वाइड झोन नावाच्या पळण्याच्या पद्धतीवर उभा आहे. लाइन एकसाथ एका बाजूला सरकते, टॅकलने कडेच्या माणसाला रोखून धरायचं, आणि बिजानने एक पाय टेकवून उभी फट दिसली की आत घुसायचं. कडेचा माणूस आत शिरला तर फट दिसायच्या आधीच बॅक पाठीमागे पडतो. त्यात फाल्कन्सचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) पेनिक्स डावखुरा, म्हणजे त्याची आंधळी बाजू उजवी, म्हणजे मॅकगॅरीचीच. एका माणसाच्या पायाने रन आणि पास दोन्हीकडे खिंडार. क्रिस लिंडस्ट्रॉम शेजारी गार्डला आहे हे नशीब, लीगमधल्या सगळ्यात चांगल्या गार्डांपैकी एक. पण तो दोन जागी उभा राहू शकत नाही.

मग बिजान सोडून द्यायचा? दोन दिवस तसंच ठरवलं होतं. मग पेनिक्सचे गेल्या सीझनचे तीनही स्टार्ट, म्हणजे त्याने सुरुवातीपासून खेळलेले सामने, पुन्हा लावून बसलो. तिन्हींत बिजानचे दोन-दोन टचडाउन. पॅन्थर्सविरुद्ध २८ कॅरी, १७० यार्ड. तो सामना फाल्कन्स ओव्हरटाइममध्ये ४४-३८ हरले, पण मी फाल्कन्सचा मालक नाही. मला बघायचं होतं ते वेगळंच: किती वेळा त्याला रेषेच्या मागे पहिला हात लागतो आणि तरी तो तीन-चार यार्ड काढतो. लागतो, आणि काढतो. कंबर अशी वळवतो की पकडणाऱ्याच्या हातात जर्सीची हवा राहते. हा माणूस बऱ्या-वाईट लाइनमागे जगू शकतो. आणि फाल्कन्सचा मुख्य कोच राहीम मॉरिस त्याला बॉल देतो, हे सगळ्यात महत्त्वाचं. ज्यांनी २०२३मध्ये बिजान घेतला होता त्यांना टँपाचा तो रविवार आठवत असेल: डोकं दुखत होतं म्हणे, एक कॅरी, तीन यार्ड, आणि ते किकऑफच्या आधी कुणाला कळवायची तसदी नाही. त्याबद्दल लीगने फाल्कन्सला दंडही केला. तेव्हाचा कोच आर्थर स्मिथ गेला आणि ते युग संपलं.

आमच्या लीगच्या प्लेऑफच्या आठवड्यांचं वेळापत्रकही मांडून बघितलं. आठवडे १५ ते १७ बिजानला टँपा, अ‍ॅरिझोना आणि घरच्या मैदानावर रॅम्स. गिब्जला रॅम्स, स्टीलर्स आणि नाताळच्या दिवशी मिनेसोटा. यातून निष्कर्ष काढणारे शूर असतात. ऑगस्टमध्ये चांगला दिसणारा डिफेन्स डिसेंबरात कुणाचा कोण झालेला असतो. बाय (टीमच्या सुट्टीचा आठवडा) मात्र खरा: बिजान पाचवा आठवडा, गिब्ज आठवा. पाचव्याला टीम बहुतेक धडधाकट असते, म्हणून बिजानला पाव गुण.

मध्येच साहित्याविषयी. यंदा पुन्हा भिंतीवरचा कागदी बोर्ड आणि नावांचे स्टिकर. फोनवरच्या ड्राफ्टला बेसमेंटची मजा नाही, हे माझं मत मी सोडणार नाही. पण स्टिकरचा संच ज्यांच्याकडून मागवला त्यांनी तो बहुधा वसंतातच छापून ठेवला होता: काही खेळाडू जुन्याच टीमच्या रंगात, आणि निम्मे रूकी (यंदाचे नवखे) गायब. कोरे स्टिकर दिले आहेत, स्वतः लिहा म्हणून. मार्कर मी आणतो, अक्षर कमिशनरने काढावं, माझं डॉक्टरच्या वरताण. मॉकसाठी, म्हणजे सरावाच्या ड्राफ्टसाठी, स्लीपर हे अ‍ॅप मला अजूनही सगळ्यात सुटसुटीत वाटतं. मात्र कुठल्याही मॉकच्या बॉटवर विसंबू नका. बॉट एडीपीच्या (खेळाडू सरासरी कितव्या नंबरला जातो त्याच्या) रांगेत मुकाट उभे राहतात. आमच्या लीगमधली माणसं नाहीत राहात.

आणि हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं. आमची लीग नोव्हाय, कँटन, ट्रॉय या डेट्रॉईटच्या उपनगरांच्या पट्ट्यातली. बारापैकी निदान आठ घरांत लायन्सचा झेंडा. अख्ख्या देशात गिब्ज कितव्या नंबरला जातो याला आमच्या बेसमेंटमध्ये काय किंमत? इथे तो सोन्याच्या भावाने विकला जातो. आणि सगळ्यांना पक्कं वाटतं की मी गिब्जच घेणार, कारण मी सप्टेंबर ते जानेवारी निळी जर्सी अंगातून काढत नाही.

तीन नंबरला जो दादा आहे त्याला गिब्ज हवाय. गेल्या महिन्यातल्या बार्बेक्यूत त्याने मला तीनदा विचारलं, ‘मग, बिजान ना?’ इतक्या निरागसपणे कुणी विचारत नाही.

तर दोघांतला एक निवडत बसण्याऐवजी निवड त्याच्याच गळ्यात का घालू नये? त्याला म्हणायचं, माझा २ घे, तुझा ३ मला दे, आणि वर तुझा सातव्या फेरीचा ७५ माझ्या नवव्या फेरीच्या ९८ला बदल. माझ्याकडे ७१ आणि ७४ आहेतच. ७५ आला की लागोपाठच्या पाच जागांत माझे तीन पिक. त्याने गिब्ज घेतला तर बिजान माझा, आणि सातव्या फेरीत मला एक जादा रिसीव्हर. त्याने बिजान उचलला तर गिब्ज माझा, आणि मॉन्टगोमेरी साधारण त्याच सत्तरीच्या आसपास जातो, म्हणजे सॉनिक-नकल्स दोघंही माझ्या घरी. वाटेकऱ्याचीच भीती होती ना? वाटेकरीही आपलाच.

बिजानचा विमा तर आणखी स्वस्त. फाल्कन्सचा दुसरा रनिंग बॅक टायलर ऑल्जिअर शेवटच्या फेऱ्यांत मिळतो. गेल्या वर्षी १३७ कॅरी, ६४४ यार्ड. बिजान बसला तर पूर्ण दुकान त्याचं. मॉन्टगोमेरीसाठी सहावी-सातवी फेरी मोजायची आणि ऑल्जिअरसाठी चौदावी. खेळाडू सारखेच असतील तर ज्याची राखण स्वस्त तो घ्यावा. हे शीटमध्ये कुठेच नव्हतं, आता नवा रकाना टाकलाय. तो रकाना टाकल्यावर बिजान पुन्हा हिरवा, मॅकगॅरी असो वा नसो.

काल संध्याकाळी दादाला प्रस्ताव पाठवला. उत्तर आलं ते वाचून मी खुर्चीतून उठलोच: ‘चालेल, पण ७१ ते ७५मध्ये मॉन्टगोमेरी घेणार नाहीस असं लिहून दे.’ म्हणजे ७०ला त्याला दुसरं कुणी हवंय आणि मॉन्टी ९४पर्यंत टिकावा अशी आशा आहे. गिब्ज कुणाला हवाय हे यापेक्षा स्वच्छ कोण सांगणार? मी लगेच हो म्हणणार होतो, पण कमिशनरने मध्येच पाचर मारली: पिकची अदलाबदल मंजूर, अमुक खेळाडू घेऊ नको ही अट लीगच्या नियमात बसत नाही. दादा अर्धा तास कुरकुरला, मग अटीशिवाय ‘ठीक आहे’ आलं. कमिशनरने बदल नोंदवलाय.

आता २३ आणि २६ उरले. तिथे ट्रे मॅकब्राइड टिकला तर मी टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही) एवढ्या लवकर घ्यायला तयार आहे. गेल्या वर्षी १११ कॅच आणि त्यावर टचडाउन फक्त दोन, तो आकडा वाढल्याशिवाय राहणार नाही. रिसीव्हर लॅड मॅकाँकीही तिथेच घुटमळतो. दोघंही मिळाले तर तीन फेऱ्यांत माझं घर लागलं. ७१, ७४ आणि ७५साठी मात्र यादी अजून कच्ची आहे. दोन रिसीव्हर आणि एक तरुण बॅक असा विचार आहे, नावं सुचवा. आणि दादाने मॉन्टीला ७०ला खरंच सोडला, तर ७१ला मी काय करावं, यावरही मत द्या. लिहून तर काही दिलेलं नाही.